सुलोचनेनं घर काहून सोडलं

७ फेब्रुवारी १९६०, रविवार. अमरावती.
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, असं गोवर्धन मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे आमच्या माडीवरच्या खोलीतले भाडेकरू. मोठं म्हणायला आता मलाही हरकत नाही. जवाहर गेटपाशी निंबाखाली टोपलं मांडून पंक्चर काढत होतो. आज त्याच निंबासमोर ‘पंचशील सायकल मार्ट, प्रो. शेषराव’. भाड्याच्या सायकली, पंप, घंट्या, सीटकव्हर. शोकेसमध्ये एक नवी कोरी हिरवी लेडीज सायकल. विकली जात नाही, पण दुकानाची शान आहे. पंचफुला रोज तिला फडक्यानं पुसते. बायको अशी पाहिजे.
संकल्प तीन. पहाटे उठणे. बिडी बंद. कमी बोलून जास्त ऐकणे. तिसरा सोपा, कारण माझे कान तिखट. रस्त्यानं सायकल गेली की बसल्या जागी सांगतो, हिच्या चाकातला कोन ढिला, हिची चेन कोरडी.
बिडी सोमवारपासून.

८ फेब्रुवारी, सोमवार.
सोमवारी गिऱ्हाईक फार. बिडी पुढल्या सोमवारपासून.

१४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
मोतीराम छापखान्यात कंपोझिटर. त्यानं स्वतःच्या डोक्यातून एक खेळ काढला. मालकानं छापला. एकही प्रत विकली गेली नाही, म्हणून एक आमच्याकडे आणली. नाव ‘संसारपट’. खाली बारीक टाइपात ‘फक्त वयस्कांसाठी’. हे वाचल्याबरोबर वामनराव चप्पल काढून बसले. वामनराव वकिलाकडे कारकून, वय पन्नास, वाद घालायला एका पायावर तयार.
खेळ सोपा आहे. कवड्या टाका, सोंगटी पुढे. चार सोंगट्या : मनोहर नावाचा व्यापारी, त्याची बायको सुलोचना, मनोहरची आई, आणि माडीवरचा भाडेकरू दिनकर. मधे लाल घरं. लाल घरात जे छापलं ते घडलं समजायचं. ‘सुलोचना दिवसभर बोलत नाही.’ ‘दिनकर गजरा आणतो.’ मग ज्याची सोंगटी त्यानं सांगायचं की आपलं माणूस असं काहून वागलं. बाकीच्यांना पटलं तर पुढे, नाही पटलं तर सोंगटी पहिल्या घरात. शेवटचं लाल घर ‘सुलोचना घर सोडते’. कारण छापलेलंच नाही. मी म्हटलं, मोतीराम, टाइप संपले का? तो म्हणे, नाही भौ, तेच तर खेळून शोधायचं आहे.
मनोहर मी घेतला. व्यापारी म्हटल्यावर दुसरं कोण घेणार. वामनराव सासू, मोतीराम दिनकर. सुलोचना कोणी घेईना. वामनराव म्हणाले, मले मिशा हायेत. मास्तरांना हाक मारली, तर ते खेळाचं नाव वाचून लाल झाले आणि वह्या तपासायला माडीवर गेले.
तिघांत खेळ होत नाही. चहा पिऊन उठलो.

२१ फेब्रुवारी, रविवार.
पंचफुला चहा घेऊन आली ती दाराशीच थांबली आणि म्हणाली, द्या मले सुलोचना. वामनराव चमकले. मी म्हटलं, बसू द्या, आपल्याकडे बायामाणसाला मज्जाव नाही. धम्मदीक्षा घेऊन आलो तेव्हाच हे ठरवलं. (माझा स्वभाव मोकळा, हे लिहून ठेवायला हवं.)
तिची सोंगटी ‘दिवसभर बोलत नाही’वर आली. वामनराव म्हणे, सोपं आहे, रुसली लुगड्यासाठी. पंचफुला म्हणाली, नाही, तिचं बोलून झालं होतं.
 व्होटिंग घेतलं. मोतीरामला पटलं, आम्हा दोघांना नाही. सोंगटी पहिल्या घरात. जेवताना तिला समजावून सांगितलं की बाई बोलत नाही तेव्हा तिला काहीतरी पाहिजे असतं. ती म्हणाली, हाव. समजावून सांगितलं की तिला लगेच समजतं.

२९ फेब्रुवारी, सोमवार.
पहाटे जाग आली. मागच्या दाराकडून फ्रीव्हीलचा आवाज. टिक टिक, मग थांबलं, मग धप्प, मग पुन्हा टिक टिक. अंथरुणातूनच निदान केलं : फ्रीव्हीलला तेल नाही, मागच्या चाकाचा कोन अर्धा आटा ढिला. उठून पाहणार होतो. पण निदान झाल्यावर पाहायचं काय?
पंचफुला अंथरुणात नव्हती. पाणी भरायला गेली असणार.

६ मार्च, रविवार.
आज माझा दिवस. लाल घर : ‘मनोहर सुलोचनेला शिवणाची मशीन आणून देतो.’ काहून? मी म्हटलं, प्रेमापोटी. वामनराव म्हणाले, वाहवा. मोतीरामनंही मान हलवली. पंचफुला मात्र म्हणाली की तिनं मशीन मागितली नव्हती. मोतीरामनं विचारलं, मग काय मागितलं होतं वहिनी? मी म्हटलं, ते पटावर छापलेलं नाही, रूल म्हणजे रूल. खेळ पुढे गेला. मी जिंकलो.
आमच्या घरी मशीन आहे, मीच आणली होती दोन वर्षांपूर्वी. योगायोग. तिच्यावर सध्या लोणच्याची बरणी असते.

१० मार्च, गुरुवार.
पंचफुलाचा गुडघा सोलला आहे. कोपरही. म्हणाली, पाय घसरला. ओसरीवर शेवाळ नाही, काही नाही, तरी घसरते कशी? सांभाळून चालत जा म्हटलं. हसली. पुष्कळ दिवसांत अशी हसली नव्हती. बरं वाटलं, आणि का कोण जाणे, रात्री नीट झोप आली नाही.
संकल्प : ओसरी खरबरीत करून घेणे.

१७ मार्च, गुरुवार.
धक्का. शोकेसमधली लेडीज सायकल साफ करायला काढली तर टायर झिजलेला! मागचा जास्त. जागेवर उभ्या सायकलीचा टायर झिजतो म्हणजे रबर किती हलकं असेल. ताबडतोब कंपनीला कडक पत्र टाकलं. वामनरावांनी इंग्रजीत लिहून दिलं. त्यात ‘फ्रॉड’ शब्द दोनदा आहे.
पंचफुला बाजूलाच उभी होती. पत्र टाकू नका म्हणाली. मी म्हटलं, भितेस काय, आपण कोणाला घाबरत नाही.

२० मार्च, रविवार.
‘सुलोचना घर सोडते’ यावर आज पहिल्यांदा वाद झाला. दिवेलागण झाली तरी उठलो नाही.
वामनरावांचं म्हणणं, भाडेकरू. माझंही तेच. माडीवर तरणा माणूस, खाली बाई, कारण आणखी काय शोधायचं? मोतीराम स्वतः भाडेकरू, तो चिडला. म्हणे, माझ्या दिनकरनं एक गजरा आणला तर तुमी त्याच्या गळ्यात बाई बांधता काय बावा? वामनराव म्हणाले, गजऱ्यानंच बांधली जाते. मी म्हटलं, मनोहरमध्ये खोट दाखवा. घर दिलं, मशीन दिली, मारझोड नाही, दारू नाही. असा नवरा सोडून बाई आपल्या मनानं जाईल?
पंचफुलाची पाळी. म्हणाली, ती कोनाकडे गेली नाही. तिले कुठंतरी जायचं होतं, म्हणून गेली.
वामनराव खो खो हसले. मीही हसलो, पण थोडं. व्होटिंग. पहिल्या घरात.

२४ मार्च, गुरुवार.
वाद डोक्यातून जात नाही. गोवर्धन मास्तर रोज पहाटे घामानं थबथबून माडीवर चढतात. काल विचारलं, तर म्हणाले, व्यायाम. कसला? म्हणे, धावतो. बत्तीस वर्षांचा मास्तर धावतो कशाला?
आणि पंचफुला ह्यांच्या ताटात भाजी जास्त वाढते. आधी वाटायचं, चांगुलपणा. आता वेगळंच वाटून राहिलं.

२७ मार्च, रविवार.
मास्तरांना खोली सोडायला सांगितली. कारण दिलं, सुट्या भागांसाठी गोडाऊन पाहिजे.  ट्रंक उचलताना त्यांनी एवढंच विचारलं की वहिनींना सांगितलंत का? ह्यावरून काय समजायचं ते समजलो.
संध्याकाळी पंचफुलानं विचारलं, मास्तर काहून गेले? मी गोडाऊन सांगितलं. ती म्हणाली, मले विचारायचं होतं. मी म्हटलं, गोडाऊनचं तुला काय विचारायचं? नंतर ती बोलली नाही. भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलंही नाही.
पट मांडला नाही. वामनरावांना दारातून परत पाठवलं. माझा डिसिजन बरोबर आहे. तरी दोन बिड्या ओढल्या.

३० मार्च, बुधवार.
मास्तर गेले, पण पहाटेची टिक टिक चालूच. मात्र आवाज बदलला. आधी थांबत थांबत, धप्प करून यायचा. आता सरळ, लांबपर्यंत जातो आणि लांबून परत येतो. कोणीतरी तेलही घातलं. चांगलं घातलं.
दुधवाला असेल. उद्या नक्की उठून पाहणे.

३१ मार्च, गुरुवार.
डोळा लागला.

१४ एप्रिल, गुरुवार.
जयंती. मिरवणुकीला दुकानाच्या सगळ्या सायकली फुकट दिल्या, निळे झेंडे लावून. हिरवी लेडीज सायकल हार घालून सर्वांत पुढे. पंचफुला पांढरं लुगडं नेसून आली आणि म्हणाली, ही मी चालवत नेऊ? मी हसलो. म्हटलं, पडशील तर चौकात इज्जत जाईल दुकानाची. मीच हँडल धरून पायी चाललो. ती मागे बायांमध्ये गेली.
भाषण फार रंगलं. विषय ‘स्त्री आणि प्रगती’. म्हणालो की ज्या घरातली बाई मागे, ते घर मागे. टाळ्या पडल्या. बायांकडून थोड्या कमी.
निघायच्या गडबडीत ती अकोल्याचं काही बोलत होती. तिची मोठी बहीण भागीरथा तिथं नर्स आहे. तिनं कळवलं की ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगला बाया घेऊन राहिले, सातवी पास पाहिजे, गावोगाव फिरायला सायकल आली पाहिजे. पंचफुला सातवी पास आहे. मी म्हटलं असावं की उन्हाळा जाऊ दे, पाहू. भाषणाचा कागद सापडत नव्हता.

२४ एप्रिल, रविवार.
आज स्वतः पंचफुलानंच पट मांडला. मोतीराम आणि वामनराव दोघं आले. ऊन उतरलं तरी भिंती तापलेल्या. तिच्या कवड्या चांगल्या पडत होत्या. सोंगटी थेट शेवटच्या लाल घरात. ‘सुलोचना घर सोडते.’ वामनराव पुढे सरकले.
तिनं पटाकडे पाहतच सांगितलं. म्हणाली, तिनं त्याले तीनदा विचारलं, मी बाहेर कामाले जाऊ काय. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो हसला. दुसऱ्यांदा विचारलं तर त्यानं मशीन आणून देली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो भाषणाले चालला होता.
मोतीराम माझ्याकडे पाहू लागला. मी पॉइंट काढला : मनोहर व्यापारी आहे, भाषणं देत नाही, म्हणजे हे खेळाच्या बाहेरचं. वामनराव म्हणाले, बराबर, आणि भाडेकरूचं काय? व्होटिंग. मोतीराम एकटा तिच्या बाजूनं.
सोंगटी पहिल्या घरात ठेवायची तर तिनं ती उचलून पदराच्या टोकाला बांधली. मी म्हटलं, सेट मोडेल. ती म्हणाली, हाव.

२५ एप्रिल, सोमवार.
सकाळी पंपाच्या गिऱ्हाइकाची चाकं भरत होतो, तेव्हा ती पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, अकोल्याले चालली. मी हाव हाव म्हटलं. पंपाच्या आवाजातही ऐकू आलं मला, नीट आलं. वाटलं, बहिणीकडे, दोन दिवस.
दुपारी पाहिलं तर वळकटी नाही, सातवीचा दाखला नाही. मशीन जागेवर. लोणच्याची बरणी जागेवर.

२७ एप्रिल, बुधवार.
वामनराव म्हणाले, मी सांगत होतो ना, भाडेकरू. मी कॅम्प भागात मास्तरांच्या नव्या खोलीवर गेलो. रागानं गेलो. मास्तर एकटेच भाकर-ठेचा खात होते. मला पाहून दुसरी थाळी घेतली. मी बसलो नाही. विचारायचं ते विचारलं.
मास्तरांनी भाकर खाली ठेवली. मग म्हणाले, शेषरावभाऊ, मी फक्त कॅरिअर धरून मागं धावत होतो. तुमच्या घरामागच्या शाळेच्या ग्राउंडवर. पुढं वहिनीच म्हणाल्या, सोडा आता, तर सोडलं. मग म्हणाले, पण तुम्हाला पहाटे ऐकू येत नव्हतं?
 कान माझे तिखट. कोन अर्धा आटा ढिला होता, तेसुद्धा ऐकू येत होतं.
भाकर खाऊन आलो. मास्तरांना खोली परत देण्याबद्दल बोललो. ते म्हणाले, वहिनींना विचारा आधी.

१ मे, रविवार. अकोला.
नव्या राज्याचे पेढे बडनेरा स्टेशनवर वाटत होते. दोन घेतले, एक तिच्यासाठी कागदात ठेवला. गाडीत पॉइंट तयार केले. मनोहरच्या बाजूनं इतके मजबूत पॉइंट कधी काढले नव्हते.
भागीरथाबाईंची खोली मोर्णा नदीच्या अलीकडे. त्यांनी पाणी दिलं, खाटेवर बसवलं. म्हणाल्या, भाऊजी, नेयाले आले असाल तर आधी मले सांगा, ती काहून आली इथं? मी म्हटलं, रागानं. त्या म्हणाल्या, नाही पटलं. मी म्हटलं, उन्हाळा फार आहे अमरावतीत. म्हणाल्या, अकोल्यात काय बर्फ पडून राहिला? मी म्हटलं, मास्तरांना काढलं म्हणून. नाही पटलं. मी म्हटलं, तुम्ही बोलावलं म्हणून. त्या उठून भांडी घासायला बसल्या. संसारपट ह्या बाईनं कधी पाहिलेला नाही. पण खेळते मोतीरामपेक्षा चांगली.
तेवढ्यात बोळातून सायकल आली. कानानं सांगितलं : ब्रेकचं रबर रिमला घासतं, चेन कोरडी, भाड्याची, दुकानदार बेफिकीर. चालवणारं माणूस मात्र सराईत. कोणी डॉक्टरीण असेल म्हणून अंग चोरून भिंतीला टेकलो.
पंचफुला होती. चालत्या सायकलीवरून पाय काढून उतरली, अगदी हलक्यानं. लुगड्याला चेनचा डाग नाही.
चहा झाला का, म्हणाली. मी म्हटलं, ब्रेक घासतो. खिशात पाना असतोच. तिथंच बोळात बसून ब्रेक नीट केला, चेनला भागीरथाबाईंच्या घरचं गोडंतेल लावलं. ती उभी राहून पाहत होती. पॉइंट एकही आठवला नाही. ट्रेनिंगला घेतलं म्हणाली. पुढं कुठंही टाकतील, धारणीच्या जंगलाकडेही. तिकडे वाघ आहेत म्हटलं. ती म्हणाली, असतील.
मग मी विचारलं, काय पाहिजे तुला? हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा ओळखीचं वाटलं नाही.
ती म्हणाली, हिरवी सायकल. भाड्यानं नाही.
मी म्हटलं, रेल्वेनं पाठवून देतो. ती म्हणाली, पाठवू नका. आणून द्या.
घरी कधी येतेस हे विचारायचं राहिलं. पेढा खिशात वितळला.

२ मे, सोमवार.
संकल्प : शनिवारी सायकल घेऊन जाणे. पॉलिश, नवी घंटी, नवं सीटकव्हर. बडनेऱ्यापर्यंत ट्रकवर टाकायची नाही, ओरखडे पडतात. मी स्वतः चालवत नेईन. लेडीज सायकलवर माणूस बसला म्हणून लोक हसतील. हसू द्या. मीही कोणाला तरी हसलो होतो.
मोतीराम म्हणाला, शेषरावभौ, टायर बदला. मी म्हटलं, शिकवू नको, ह्या धंद्यात जन्म गेला. शनिवारपर्यंत वेळ आहे.
बिडी बंद. खरंच.

७ मे, शनिवार. बडनेरा स्टेशन.
सकाळी निघालो. जवाहर गेटपाशी पोरं टाळ्या पिटत मागे धावली. वामनराव चहाच्या दुकानातून ओरडले, भौ, गजरा माळायचा राहिला! मी घंटी वाजवली. घंटी चांगली आहे.
शहर सुटल्यावर मागून आवाज आला. फुस्स. कानानं लगेच सांगितलं, मागचा, डावीकडून. टायर बदलायचा राहिला होता. सोल्यूशन, ठिगळं, हवेचा पंप, सगळं दुकानात. पंक्चरवर मोठा झालेला माणूस बिनपंपाचा निघाला. उन्हात चाक घासू नये म्हणून मागून कॅरिअर उचलून धरलं आणि चालत आलो. कॅरिअर धरून चालायला फार वाकावं लागतं. मास्तर धावत होते.
अकोल्याची गाडी निघून गेली. पुढची संध्याकाळी. फलाटावर बसून लिहितो. बिडी ओढली, एकच.
कंपनीला दुसरं पत्र घालावं लागेल. वामनरावांकडून नाही, मीच लिहीन, मराठीत. टायर खोटा नव्हता.
आता बाजूला एक हमाल येऊन बसला. सायकलवरून हात फिरवत म्हणाला, कोनाची हो भौ? मी म्हटलं, बायकोची. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, विचारलं, चालवते काय ते?
मी म्हटलं, टायर पाह्य ना, किती झिजला.